चिकट झालेलं इंटिरिअर: खरवडायचं, रंगवायचं की बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या एका तरुणाने मुंबईहून 2008 सालची, दोन आसनी, कापडी छताची जर्मन स्पोर्ट्स कार घेतली. इंजिन-गिअरबॉक्स ठणठणीत आहेत. पण दाराची हँडलं, काचेच्या बटणांची पट्टी आणि मधला कन्सोल यांना हात लावला की बोटं चिकटतात, नखाला काळा रंग लागून येतो. रेडिओच्या दोन बटणांवरची चिन्हं पुसली गेली आहेत आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड घासून पांढरी पडली आहे. एक जण म्हणतो सगळं रंगवून टाका, दुसरा म्हणतो रॅपिंग करा, म्हणजे वरून चिकट फिल्म चढवा, तिसरा म्हणतो बाहेरून नवीन पार्ट मागवा. त्याने विचारलंय, नेमकं काय करू?

मी सातपूरला एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या पार्टांना रंग मारायच्या लाइनवर सात वर्षं काढली आणि त्यानंतरची सतरा वर्षं अंबडच्या माझ्या शेडमध्ये हेच काम करतोय. तुमच्या गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा आजार एका कंपनीचा नाही. 1990 नंतर ‘सॉफ्ट टच’ रंगाची मोठी लाट आली. कडक प्लॅस्टिकवर रबरासारखा मऊ थर मारायचा, म्हणजे हाताला ते भारी वाटतं. फेरारीच्या 355 आणि 360 या मॉडेलची चिकट बटणं तर जगभर माहीत आहेत. परदेशात फक्त ती बटणं साफ करून देणारी वर्कशॉप्स चालतात. एवढ्या महागड्या गाडीची ही गत असेल तर तुम्ही फसलात असं मनाला लावून घेऊ नका.

तो थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा त्याच्या साखळ्या हळूहळू तोडतो आणि रबर परत चिकासारखं होत जातं. त्यात हाताचा घाम, तेल, सनस्क्रीन मुरतं आणि बंद गाडीतली उष्णता हे सगळं भराभर पुढे नेते. तुमची गाडी आधी मुंबईच्या दमट हवेत राहिली आणि आता नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापतेय. थर कुजायला याहून जास्त काही लागत नाही. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की खराब झालाय तो थर. खालचा पार्ट बहुतेक वेळा अगदी धडधाकट असतो.

म्हणून पहिली अट: त्या चिकट थरावर काहीही चढवू नका. रंग नको, रॅप नको, लेदर नको. खालचा चिक मरत नाही. वरचा रंग महिन्या-दोन महिन्यांत सुरकुततो आणि रॅपची कड उन्हात सुटते. टाल्कम पावडर चोळायचा सल्लाही तुम्हाला मिळाला असेल. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि मग त्या चिकात पावडरीचा राखाडी गोळा होतो, जो काढताना मला दुप्पट वेळ लागतो. आणि कृपा करून आजपासून गाडी धुणाऱ्याला चकचकीत डॅशबोर्ड पॉलिश मारू देऊ नका. त्यातलं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या दाण्यात, म्हणजे वरच्या बारीक खडबडीत नक्षीत, जाऊन बसतं आणि पुढे रंग मारताना जागोजागी बारीक खड्डे पडतात. रंगारी त्याला फिशआय म्हणतात. माझ्याकडे बिघडलेलं म्हणून येणाऱ्या कामात निम्म्याहून जास्त कामं याच एका गोष्टीने बिघडलेली असतात.

आता काम. प्रत्येक पार्ट गाडीतून बाहेर काढूनच करायचा. गाडीत बसवलेल्या अवस्थेत साफ करायला गेलात तर विरघळलेला चिक फटीतून स्विचमध्ये उतरतो आणि काचेचं बटण खाली गेलं की वर येत नाही. काढण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी-पाना वापरा, स्क्रू ड्रायव्हर नको. डिसेंबर-जानेवारीत सकाळी कधीच सुरुवात करू नका. थंडीत जुन्या क्लिपा काडीसारख्या तुटतात. गाडी अर्धा-पाऊण तास उन्हात ठेवा, मग त्याच क्लिपा वाकून सुटतात. तरी दहातल्या दोन तुटणारच, त्यामुळे नवीन क्लिपा आधीच आणून ठेवा.

पार्ट हातात आला की तो उलटा करा. मला फोटो पाठवणारे सगळे पुढच्या बाजूचा फोटो पाठवतात आणि मी दर वेळी मागचा मागतो, कारण पुढचे सगळे निर्णय मागच्या बाजूला छापलेले असतात. दोन टोकदार कंसांमध्ये अक्षरं दिसतील: एबीएस, पीसी अधिक एबीएस, पीपी, किंवा पीए आणि पुढे जीएफ 30. पहिली दोन म्हणजे रंग छान धरणारं प्लॅस्टिक. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा रंग कधीच टिकत नाही, आधी अॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारा खास थर लागतो, नाहीतर नखाने अख्खा पापुद्रा निघतो. पीए-जीएफ म्हणजे काचतंतू घातलेलं नायलॉन. हँडलच्या आतल्या सांगाड्याला ते वापरतात. तिथेच पार्ट नंबरही असतो. तो नंबर, रंगाच्या कोडसकट, वहीत लिहून ठेवा.

थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए वापरायचं. केमिकलच्या दुकानात 99 टक्क्यांचं मिळतं. सॅनिटायझर त्याची जागा घेऊ शकत नाही, त्यात ग्लिसरीन आणि वास घातलेले असतात. थिनर आणि अॅसिटोन तर हातातही घेऊ नका. 2011 साली मी स्वतः ही चूक केली आहे. संध्याकाळची घाई होती, आयपीए संपलं होतं, मी कापसाच्या बोळ्याला थिनर लावून एका कन्सोलवर फिरवलं. चिक पहिल्याच फटक्यात निघाला, मला आनंद झाला आणि दुसऱ्या फटक्यात खालचं एबीएस मऊ झालं. माझ्या अंगठ्याचा ठसा त्यात कायमचा उमटला. तो पार्ट मी माझ्या खिशातून इंग्लंडहून मागवून दिला. गाडीमालक सहा आठवडे उघड्या वायरी बघत गाडी चालवत होता. आजही मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी तो ठसा दाखवतो.

काम हवेशीर जागी करा, जवळ शेगडी-सिगारेट नको, नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती फडक्याची घडी आयपीएत भिजवा, पार्टवर ठेवा आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी झाका. तीन-चार मिनिटांनी फडकं उचललं की थर सुजलेला दिसेल. आइस्क्रीमची लाकडी काडी तिरकी धरून ढकला. सुरुवातीला काकवीसारखी काळी घट्ट तार येते. फडकं भरलं की लगेच बदला, तेच फडकं फिरवत राहिलात तर चिक फक्त या टोकाचा त्या टोकाला जातो. दाण्यात अडकलेला थर जुन्या टूथब्रशने काढा. एका दाराच्या हँडलला मला चाळीस मिनिटं लागतात, तुम्हाला दोन तास लागतील. शेवटी भांड्याच्या साबणाच्या पाण्याने धुऊन, सुकवून, तळहाताने पूर्ण पार्ट चाचपून बघा. कुठेही बोट अडखळलं तर तिथे थर राहिलाय.

इथे थांबून नीट बघा, कारण बहुतेक लोक याच टप्प्यावर विनाकारण पुढे जातात. तुमच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये थराखालचं प्लॅस्टिक मुळातच काळं, दाणेदार आणि देखणं असतं. तसं निघालं तर तिथेच काम संपलं. परत रंगवू नका. हाताला ते पूर्वीइतकं मऊ लागणार नाही, पण ते पुन्हा कधीच चिकटणार नाही. हँडल, हँडब्रेकची मूठ, ग्लव्ह बॉक्सची कडी या जागी दिवसातून दहा वेळा हात पडतो. अशा जागेला उघडं प्लॅस्टिक हेच सगळ्यात टिकाऊ फिनिश आहे. ज्या जागेवर फक्त नजर पडते, उदाहरणार्थ एअर व्हेंटची चौकट किंवा कन्सोलची बाजू, तिथे रंगाचा विचार करा. माझा सगळा हिशोब याच भेदावर चालतो: हाताची जागा वेगळी, नजरेची जागा वेगळी.

बटणांची गोष्ट मात्र पूर्ण निराळी आहे आणि इथे तुम्हाला हात जोडून सांगतो, घाई करू नका. रात्री उजळणारं बटण बहुधा दुधी किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचं असतं. त्यावर काळा थर मारतात आणि लेझरने तो थर चिन्हाच्या आकारात जाळून काढतात. म्हणजे पंख्याचं चित्र काळ्या रंगावर छापलेलं नसतं, ते काळ्या रंगातलं भोक असतं. तुम्ही चिकट थर म्हणून जो काढाल तो थर म्हणजेच ते चित्र. आयपीएच्या तीन फटक्यांत तुमच्या हातात कोरं दुधी बटण येईल आणि रात्री ते बल्बसारखं पेटेल. म्हणून एक बटण काढा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा. चिन्हातून उजेड आला तर ते लेझरचं आहे. असं बटण नुसतं चिकट असेल तर जवळजवळ कोरड्या फडक्याने वरवर, अगदी हलक्या हाताने पुसून चिकटपणा कमी करता येतो. पण चिन्ह तुटायला लागलं असेल तर ते वाचत नाही. ते परत रंगवून लेझरने कोरणाऱ्याकडे द्यावं लागतं किंवा बदलावं लागतं. तुमच्या रेडिओची दोन बटणं यातच मोडतात. वरून स्टिकर लावायचा मोह टाळा, बोटाच्या घामाने त्याची कड महिन्यात उचलते.

रंगवायचं ठरलेल्या पार्टांविषयी. गुळगुळीत पार्ट असेल तर 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा. दाणेदार असेल तर पेपर लावूच नका, राखाडी स्कॉचब्राइटने घासून फक्त चमक घालवा. पेपरने दाण्याची टोकं सपाट होतात आणि जाड प्रायमरने उरलेल्या दऱ्या भरतात. मग त्या जागेवर एक गुळगुळीत डाग कायम दिसतो. दाणेदार पार्टला नाण्याने खोल ओरखडा पडला असेल तर लॅम्बी-पुट्टी भरून तो दाणा परत येत नाही. असा पार्ट बदलायचा किंवा त्यावर लेदर चढवायचं.

रंग हार्डनर घालून मारायचा, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा 2के पॉलियुरेथेन हवा. बाजारातला साधा स्प्रेचा डबा नजरेच्या जागी चालून जाईल, हाताच्या जागी तो काही महिन्यांत निघतो. पण 2के घरच्या बाल्कनीत मारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याची फवारणी फुप्फुसात गेली तर कायमचा दमा लागू शकतो. कापडी किंवा दवाखान्यातला मास्क त्याला अडवत नाही. साफसफाई, घासणं घरी करा आणि रंगासाठी ज्याच्याकडे रंग मारायची बंद खोली, म्हणजे बूथ, आणि बाहेरून हवा देणारा मास्क आहे अशा माणसाकडे पार्ट घेऊन जा. त्याला सांगा: पातळ दोन कोट, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, साठ अंशांवर अर्धा तास. त्याहून जास्त तापवून घाई करू नका, पातळ एबीएस वाकडं होतं आणि मग ते खाचेत बसत नाही. बाहेर आल्यावर हात लावायच्या आधी आठवडाभर कपाटात ठेवा.

काळा रंग जुळवणं सोपं वाटतं आणि तिथेच काम फसतं. छटा फारशी चुकत नाही, चुकते ती चमक. डॅशबोर्ड अर्धा-मॅट आणि नवीन पट्टी पूर्ण मॅट असेल तर ती पट्टी पाटीसारखी उठून दिसते. जुन्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर नमुना मारा आणि तो गाडीत डॅशबोर्डला टेकवून दुपारच्या उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. मॅट क्लिअर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, एकदा बसलं की त्याला पॉलिश करता येत नाही, घासलं तिथे ते चमकायला लागतं. धूळ बसली तर पूर्ण पार्ट परत.

हवामानही सांगतो. जून ते सप्टेंबर मी इंटिरिअरचा रंग शक्यतो घेत नाही, दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. जानेवारीत पारा खाली गेला की हार्डनर झोपतो, त्या दिवसांत अकरा ते चार एवढ्याच वेळात रंगाची गन चालवायची. मे महिन्यात उलटं, थिनर हवेतच उडतं आणि रंग पार्टवर कोरडा, खरखरीत पडतो. तेव्हा हळू उडणारं स्लो थिनर लागतं. आपल्याकडे उत्तम काळ म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणि फेब्रुवारी-मार्च.

सीटची कड. स्पोर्ट्स कारमध्ये बसताना माणूस अक्षरशः खाली उतरतो आणि मांडी बाहेरच्या उशीवरून घासत जाते, त्यामुळे आपल्या गाड्यांत ड्रायव्हर सीटची उजवी कड आधी जाते. नुसता रंग गेला असेल, चामड्याचे धागे दिसत नसतील, तर स्वच्छ करून, 600 नंबरने हलकं घासून, पाण्यावर चालणारं लेदर पिगमेंट स्पंजाने पातळ-पातळ चढवा आणि शेवटी टॉपकोट. छान होतं. धागे सुटले असतील तर तेवढा एकच तुकडा उसवून नवीन चामड्याचा शिवून घ्यावा. अख्खी सीट रेक्झिनने मढवू नका, गाडीची किंमत आणि तीत बसण्यातली मजा दोन्ही जातात. अल्कान्टारा कुठे असेल तर ते चामडं नाही, पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेनचं कापड आहे. त्याला लेदर क्रीम लावलं की ते मेलं. ओलसर फडकं आणि मऊ ब्रश, बस.

आता ती गोष्ट, जिच्यात मी कुणालाच सूट देत नाही. बऱ्याच गाड्यांत सीटच्या बाजूला एअरबॅग असते आणि तिथली शिवण मुद्दाम कमजोर धाग्याची असते, ती ठरलेल्या वेळी फाटावी म्हणून. डॅशबोर्डवर प्रवाशाच्या बाजूलाही तशीच फाटणारी रेघ आतून असते. दोन वर्षांपूर्वी एक गाडी आली, डॅशबोर्ड जाड चामड्याने सलग मढवलेला, वर दुहेरी शिवण. दिसायला अप्रतिम. पण अपघातात ती बॅग कशी उघडली असती याची कुणालाच खात्री देता आली नसती. मी मालकाला समोर बसवून ते उसवलं. तुमचा टेपिस्ट्रीवाला, म्हणजे सीट-डॅशबोर्ड मढवणारा, कितीही हुशार असो, त्याला त्या जागा आधी दाखवा आणि त्या जागी कमजोर शिवण कशी करणार ते विचारा. उत्तर गोलमाल आलं तर काम तिथेच थांबवा. स्टीअरिंग किंवा सीट काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबायचं, आणि एअरबॅगचा कनेक्टर सुटा असताना चावी फिरवायची नाही.

चिकटवण्याचं सोल्यूशनही बघून घ्या. फर्निचरच्या कामातलं साधं सोल्यूशन उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतं आणि लेदर आतल्या वळणावरून सुटून ताणलेल्या ढोलासारखं उभं राहतं. उष्णता सहन करणारंच मागा आणि डब्यावर लिहिलेलं तापमान स्वतः वाचा.

बदलायचं काय? पार्ट अडकवायचे तुटलेले कान, विरघळलेलं प्लॅस्टिक, खोल ओरखडे असलेला दाणेदार पार्ट, आणि ती दोन बटणं. एवढंच. जुना पार्ट परदेशातून मागवताना एक चूक फार होते. अमेरिकेत आणि जर्मनीत गाड्या डाव्या हाताच्या आहेत. तिथली काचेच्या बटणांची ड्रायव्हरची पट्टी, डॅशबोर्ड, कधी कधी कन्सोलसुद्धा आपल्याकडे बसत नाही. ब्रिटन, जपान किंवा ऑस्ट्रेलियातली उजव्या हाताची गाडी बघा. आणि मघाशी वहीत लिहिलेला नंबर शेवटपर्यंत जुळवा. काही जर्मन कंपन्यांच्या नंबरमागची शेवटची अक्षरं रंगाची असतात, ती चुकली की काळ्याऐवजी राखाडी हँडल घरी येतं. जुना पार्ट घेताना विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: हात लावल्यावर चिकटतो का? तो तिकडेही तितक्याच वर्षांचा झालेला असतो.

तुमच्या गाडीला मी या क्रमाने हात लावेन. पहिल्या रविवारी डाव्या दाराचं, म्हणजे प्रवाशाच्या बाजूचं हँडल. चूक झाली तर रोज डोळ्यासमोर नको. ते मनासारखं निघालं की उजवं हँडल, मग बटणं काढून ठेवून काचेच्या बटणांची पट्टी, मग कन्सोल. सीटची कड सगळ्यात शेवटी, कारण बाकीची कामं करताना त्याच सीटवर तुम्ही पन्नास वेळा चढणार-उतरणार आहात. प्रत्येक पार्टाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवून त्यावर नाव लिहा. परत बसवताना जिथे दोन प्लॅस्टिक एकमेकांना टेकतात तिथे कापडी टेपची पट्टी लावा, आणि छत बंद, रेडिओ बंद ठेवून त्र्यंबक रोडला एक फेरी मारा. कुठे खडखड आली तर त्याच दिवशी उघडा, क्लिप नीट बसलेली नसते. काढलेला कोणताही मूळ पार्ट, तुटका असला तरी, फेकू नका. बटणाचा रंग आणि चमक जुळवायला उद्या तोच नमुना लागतो. आणि हँडल साफ झालं की मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, ती अक्षरं वाचून कन्सोलला प्रमोटर लागेल की नाही ते सांगतो.